दुर्बिणीतून छातीचं ऑपरेशन आणि पाठीतलं ते इंजेक्शन

"दुर्बिणीतून करणार म्हणतात. तीन-चार भोकं पाडायची. मग दुखायचं कशाला एवढं?"

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला भेटायला गेलं की हा प्रश्न ठरलेला. मी भूलतज्ज्ञ. लोकांच्या लेखी आमचं काम दोनच गोष्टींचं, झोपवायचं आणि उठवायचं. त्यामुळे "उद्या तुमच्या पाठीत एक इंजेक्शन देऊ, दुखणं कमी राहावं म्हणून" असं म्हटलं की समोरचे चेहरे लगेच सावध होतात. पेशंटची बायको हमखास म्हणते, "नको हो मॅडम, माझ्या सिझरच्या वेळी दिलं होतं पाठीत, तेव्हापासून कंबर धरलीय ती धरलीय."

या वेळचे पेशंट साठीला टेकलेले ऊस बागायतदार काका होते. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात गाठ. उजव्या फुप्फुसाला तीन कप्पे असतात, डाव्याला दोन; काकांचा उजवीकडचा खालचा कप्पा काढायचा होता. केसपेपरवर सर्जनने 'व्हॅट्स' लिहिलेलं. छातीत कॅमेरा घालून, स्क्रीनवर बघत केलेल्या ऑपरेशनचं हे नाव. कल्पना नवी नाही. 1910 साली स्वीडनच्या हान्स क्रिस्तियान याकोबेउस या डॉक्टरांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण छातीत घालून पाहिली होती. पण फुप्फुसाचा अख्खा कप्पा अशा रीतीने काढायला सुरुवात झाली ती 1990 नंतर.

आता काकांच्या प्रश्नाकडे येते, कारण प्रश्न रास्त आहे.

पोटाचं दुर्बिणीचं ऑपरेशन आणि छातीचं दुर्बिणीचं ऑपरेशन यांत मोठा फरक आहे. पोटाची भिंत मऊ. भोक पाडलं, नळी घातली, हवी तशी फिरवली. छातीला बरगड्यांचा पिंजरा. दोन बरगड्यांमध्ये जेमतेम बोटभर जागा, आणि सगळी हत्यारं त्याच फटीतून आत जाणार. सर्जनने हत्यार वर-खाली केलं की ते बरगडीवर टेकतं, एखाद्या पहारीसारखं. आणि बरगडीच्या नेमक्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, एक पन्हळ असते. घराच्या वळचणीला असते तशी. त्या पन्हळीतून एक नीला, एक रोहिणी आणि एक मज्जातंतू असे तिघं शेजारी-शेजारी जातात. तिघांत सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात उघड्यावर, मज्जातंतू. दोन-तीन तास पहार टेकत राहिली तर चेंगरणार तोच.

(मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. 'नस दबली' म्हणतो तेव्हा मज्जातंतू, 'नस सापडेना' म्हणते ती सिस्टर रक्तवाहिनी शोधत असते. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू.)

शिवाय कापलेला कप्पा बाहेर काढायला एक भोक तीन ते पाच सेंटिमीटरचं लागतंच. ऑपरेशन संपल्यावर छातीत साचणारी हवा आणि पाणी बाहेर यायला एक नळी ठेवतात. नळीची जाडी 'फ्रेंच' या मापात मोजतात. 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर. 24 नंबरची नळी म्हणजे 8 मिलिमीटर, करंगळीहून जराशी बारीक. ती दोन बरगड्यांमध्ये बसलेली आणि प्रत्येक श्वासाला आत फुप्फुसाच्या आवरणाला घासणारी. पेशंटना विचारा, भोकांपेक्षा नळीच जास्त छळते असं बरेच जण सांगतील.

हात मोडला तर प्लास्टर घालून गळ्यात अडकवता येतो. छातीला सुट्टी देता येत नाही. मिनिटाला 15 श्वास धरले तर दिवसाचे 21,600 होतात. जुन्या मंडळींना हा आकडा अजपाजपामुळे, म्हणजे श्वासागणिक आपोआप होणाऱ्या जपामुळे, ठाऊक असेल. तितक्या वेळा ती जखम हलते.

तरीही दुर्बिणीचा फायदा खरा आहे. डेन्मार्कमधल्या ओडेन्से इथे फुप्फुसाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या 206 पेशंटवर झालेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठी टाकून काहींची छाती नेहमीच्या पद्धतीने उघडली, काहींचं ऑपरेशन दुर्बिणीतून केलं. दहापैकी तीन किंवा त्याहून जास्त दुखणं पहिल्या 24 तासांत छाती उघडलेल्यांपैकी 63 टक्क्यांना होतं, दुर्बिणीवाल्यांपैकी 38 टक्क्यांना. फरक चांगलाच आहे. पण 38 म्हणजे काही शून्य नव्हे.

काका म्हणाले, "दुखणं सोसायची सवय आहे आपल्याला."

हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. सोसणारा पेशंट छातीच्या ऑपरेशनला सगळ्यात अवघड. कारण तो कण्हत नाही, तक्रार करत नाही, फक्त छाती आवळून धरतो आणि वरच्या वर श्वास घेतो. खोकत तर मुळीच नाही. फुप्फुसाच्या तळाशी हवा पोचत नाही, तिथले फुगे मिटतात, कफ साठतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप. न्यूमोनिया. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं आणि मुक्काम मात्र आयसीयूत वाढतो. म्हणून माझ्या हिशेबी दुखणं मोजायची खरी पट्टी 'दहापैकी किती' ही नाही. पेशंट जोरात खोकू शकतो का, ही आहे. निपचित पडल्यावर कुणाचंच फारसं दुखत नाही.

तीन रंगीत गोळे असलेलं ते प्लॅस्टिकचं खेळणं तुम्ही पाहिलं असेल. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि गोळे वर उचलायचे. पहिला गोळा उचलायला सेकंदाला 600 मिलिलिटर हवा आत ओढावी लागते, दुसऱ्याला 900, तिसऱ्याला 1200. ऑपरेशनआधी काकांनी तिन्ही गोळे सहज उचलले आणि नातवाला दाखवले. मी म्हटलं, "उद्या रात्री दोन उचलले तरी मी खूश."

मग नुसतं जोरदार दुखणं-थांबवणारं औषध का देत नाही? देतो. मॉर्फिन, फेंटॅनिल ही औषधं जबरदस्त आहेत, आणि मी त्यांची शत्रू नाही. पण ती मेंदूवर काम करतात. दुखणं कमी होतं, त्याबरोबर गुंगी येते, मळमळतं, पोट साफ होत नाही, श्वासाची गती मंदावते आणि खोकलाही दबतो. ज्या माणसाने जागं राहून, बसून, खोकून कफ काढायचाय, त्याला हे औषध भरपूर द्यायचं म्हणजे पाखरू पकडायला झाड तोडण्यासारखं. म्हणून ते हाताशी ठेवायचं, लागलं तर थोडं द्यायचं, आणि मुख्य भार दुसऱ्या कशावर तरी टाकायचा.

ते 'दुसरं काहीतरी' म्हणजे नस बधिर करणं. हॉस्पिटलात सगळे त्याला ब्लॉकच म्हणतात. दाढ काढताना दातांचे डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात, तोच प्रकार. नसेतून जाणारा संदेश म्हणजे विजेची एक लहर. ती पुढे सरकते नसेच्या कवचावरच्या बारीक दारांमधून सोडियम आत शिरतं म्हणून. लिग्नोकेन, बुपिवाकेन, रोपिवाकेन ही औषधं ती दारं काही तास बंद ठेवतात. खाली जखम आहे तशीच असते, वरती मेंदूला पत्ता नसतो. आणि तुम्ही टक्क जागे.

प्रश्न फक्त एवढाच, की नस अडवायची कुठे? सगळी गंमत आणि सगळे वाद इथेच आहेत.

मी काकांना कालव्याचं उदाहरण द्यायला गेले. मुख्य कालवा म्हणजे पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, त्यातून फुटणाऱ्या चाऱ्या म्हणजे बरगड्यांखालून जाणाऱ्या नसा, आणि सरीपर्यंत पोचलेलं पाणी म्हणजे कातडीपर्यंत पोचलेले त्यांचे धागे. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण मॅडम, पाणी कालव्यातनं शेतात येतं. दुखणं शेतातनं वर जायचं म्हणताय. मग ओढ्याचं सांगा की. ओढा नदीला मिळतो."

बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून मी ओढ्याचंच सांगते.

छातीच्या प्रत्येक बाजूला असे बारा ओढे. काकांचं ऑपरेशन उजव्या बाजूला, चौथ्या ते आठव्या बरगडीच्या टापूत. म्हणजे पाच-सहा ओढ्यांचं पाणी नदीला मिळू द्यायचं नाही.

पहिला मार्ग नदीच्या काठालाच बांध घालण्याचा. याला एपिड्युरल म्हणतात. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत बारीक नळी सरकवायची आणि तिच्यातून दोन-तीन दिवस औषध सोडत राहायचं. 1921 साली फिदेल पाखेस या स्पॅनिश लष्करी सर्जनने हा मार्ग लिहून ठेवला. छाती मोठी उघडायची असेल तर आजही हा भक्कम पर्याय आहे. पण काकांचं ऑपरेशन एका बाजूला आणि बांध दोन्ही काठांना, असं होतं. रक्तदाब उतरतो, लघवी अडते म्हणून तिथेही नळी घालावी लागते, आणि क्वचित, अगदी क्वचित, कण्याच्या त्या अरुंद जागेत रक्त साठून पायांची ताकद जाण्याइतका घोटाळा होऊ शकतो. चार भोकांसाठी एवढा मोठा बांध कशाला? 'प्रॉस्पेक्ट' नावाचा भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांचा एक गट ऑपरेशनागणिक दुखण्याच्या उपचारांचे पुरावे चाळून शिफारशी करतो. दुर्बिणीच्या छातीच्या ऑपरेशनांसाठी त्यांच्या शिफारशी 2022 साली आल्या, त्यात एपिड्युरलची शिफारस नाही.

दुसरा मार्ग ओढा नदीला मिळण्याच्या जरा अलीकडे, संगमापाशी. मणक्याच्या शेजारी एक छोटी तिकोनी पोकळी असते. नस कण्यातून बाहेर पडते ती याच पोकळीतून. इथे औषध सोडलं की एकाच बाजूचे ओढे अडतात, दुसरी बाजू मोकळी. याला पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक म्हणतात. 1905 साली जर्मनीत ह्यूगो सेलहाइम या प्रसूतितज्ज्ञांनी तो केला, पुढे तो विस्मरणात गेला, आणि 1979 साली इंग्लंडमध्ये ईसन आणि वायट या दोघांनी पुन्हा वर काढला. ब्लॉक नामी आहे. अडचण एकच, पोकळीची पुढची भिंत म्हणजे फुप्फुसाचं आवरण. सुई चार-पाच मिलिमीटर पुढे गेली की ते टोचलं. सोनोग्राफीमुळे हे संकट पुष्कळ कमी झालंय, पण हात बसायला वेळ लागतो. छातीत कॅमेरा असतानाच सर्जन आतूनही हा ब्लॉक देऊ शकतात. तेव्हा स्क्रीनवर मणक्याशेजारचं आवरण औषधाने टुमटुमीत फुगताना दिसतं.

तिसरा मार्ग मला सगळ्यात जवळचा, आणि काकांना मी हाच दिला. नाव लांबलचक आहे, इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक. आम्ही ईएसपी म्हणतो. 2016 साली कॅनडातल्या मॉरिसियो फोरेरो आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. गंमत म्हणजे तो ऑपरेशनसाठी शोधलेलाच नव्हता. कर्करोग बरगडीत पसरल्यामुळे, किंवा मोडलेल्या बरगड्या वेड्यावाकड्या जुळल्यामुळे ज्यांच्या नसा कायम ठणकत होत्या, अशा पेशंटसाठी तो होता. वर्ष-दोन वर्षांत तो जगभर पोचला, कारण तो सोपा आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये काकांना टेबलावर बसवलं, पाय खाली सोडून, उशी पोटाशी धरून. फऱ्याच्या हाडाचं खालचं टोक साधारण सातव्या मणक्याच्या पातळीला येतं. तिथून वर मोजत पाचव्यावर आले. स्पिरिट, मग सोनोग्राफीची थंडगार जेली. काका शहारले. स्क्रीनवर वरून खाली कातडी, चरबी, आणि मग स्नायूंचे तीन थर, लुगड्याच्या घड्या एकावर एक ठेवाव्यात तसे. सगळ्यात खाली एक सपाट माथ्याची पांढरी रेघ आणि तिच्याखाली काळोख. ती रेघ म्हणजे मणक्याचा आडवा फाटा. हाड. सोनोग्राफीला हाडापलीकडचं दिसत नाही म्हणून खाली अंधार. माझ्यासाठी ते हाड म्हणजे तटबंदी आहे, फुप्फुस त्याच्या पलीकडे राहतं.

कातडी बधिर केली. मग सुई, स्क्रीनवर चमकणारी तिरकी रेघ, तीन थरांतून खाली सरकत हाडाला टेकली. हाताला तो टणकपणा कळतो. आधी दोन मिलिलिटर सलाइन सोडून बघायचं. जागा बरोबर असेल तर तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा स्नायू हाडापासून अलगद उचलला जातो आणि मधे एक काळी फट दिसते. चुकीची असेल तर स्नायूच्या आतच गोळा होतो. मग सुई जराशी हलवायची. काकांचा पापुद्रा पहिल्याच फटक्यात सुटला. मग औषध. पाच मिलिलिटर, सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना बघायचं, पुन्हा पाच. फट वर-खाली लांबत जाते.

"झालं?" काकांनी विचारलं.

झालं होतं. सगळं मिळून सातेक मिनिटं. आणि सुई कण्याच्या आत कुठेही गेली नव्हती, हाडाच्या बाहेरच थांबली होती. सिझरच्या इंजेक्शनाशी याचा संबंध एवढाच, की दोन्ही पाठीत देतात. (आणि सिझरनंतर राहणाऱ्या कंबरदुखीचा दोषही त्या इंजेक्शनावर सरसकट ढकलू नये. नऊ महिन्यांचं ओझं, मग बाळाला कडेवर घेऊन केलेली कामं, ही कारणं जास्त बलवान असतात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता खरी मेख. औषध सोडलं स्नायूखाली आणि नसा तर हाडापलीकडे. मग ते काम कसं करतं? पाझरून. आपल्याकडे पाझर तलाव असतो ना, पाणी अडवायचं माळावर आणि फायदा व्हायचा खालच्या विहिरींना, तसंच. औषध स्नायूखालच्या पदरातून वर-खाली पसरतं आणि मधल्या बारीक वाटांनी थोडं थोडं नसांपर्यंत उतरतं. पण पाझर तलाव बांधणाऱ्याला कुठल्या विहिरीला किती पाणी चढेल याची खात्री देता येते का? नाही. ईएसपीचंही तेच. मृतदेहांमध्ये रंग सोडून पाहिलं तर काहींत तो थेट नसांच्या तिकोनी पोकळीपर्यंत पोचलेला दिसतो, काहींत पाठीच्या स्नायूंतच थबकलेला. म्हणून काही भूलतज्ज्ञ याला नाकं मुरडतात. मला त्यांचं म्हणणं कळतं. पण पॅराव्हर्टिब्रल ज्यांच्या हातात बसलेला नाही, त्यांच्यासाठी जमेलच याची खात्री नसलेल्या उत्तम ब्लॉकपेक्षा हमखास देता येणारा चांगला ब्लॉक बरा, असं माझं मत आहे. प्रॉस्पेक्टच्या 2022 च्या शिफारशींतही पहिल्या पसंतीला पॅराव्हर्टिब्रल किंवा ईएसपी, दोन्ही आहेत.

दुसऱ्या पसंतीला त्यांनी ठेवलाय सेराटस ब्लॉक. राफाएल ब्लँको यांनी 2013 साली सांगितलेला. यात औषध काखेखाली, बरगड्यांवर पंज्यासारखा पसरलेला स्नायू असतो त्याच्या पदरात सोडतात. पेशंटला कुशीवरून हलवावंही लागत नाही. मात्र छातीच्या बगलेला तो जितका लागू पडतो तितका पाठीकडच्या भोकाला पडत नाही. आणि शेवटचा, सर्जननेच आतून एकेका बरगडीखाली दिलेला इंटरकोस्टल ब्लॉक. सोपा आणि नेमका, पण त्या भागात रक्तपुरवठा दांडगा असल्यामुळे औषध लवकर वाहून जातं आणि रक्तात जास्त उतरतं. त्यामुळे डोस मोजताना डोळ्यात तेल घालावं लागतं.

डोसाचं सांगून टाकते. बुपिवाकेनची ढोबळ मर्यादा वजनाच्या किलोमागे 2 मिलिग्रॅम. काका 60 किलोचे, म्हणजे 120 मिलिग्रॅम. मी पाव टक्का ताकदीचं 25 मिलिलिटर दिलं, त्यात 62.5 मिलिग्रॅम. शिल्लक ठेवायची, कारण सर्जनला भोकांच्या कडेला थोडं टोचायचं असतं आणि त्याचाही हिशेब याच खात्यात धरायचा. मर्यादा ओलांडली किंवा औषध चुकून थेट रक्तवाहिनीत गेलं तर तोंडाभोवती मुंग्या, जिभेला धातूची चव, कानात घुंईऽऽ, मग झटके, आणि वाईटात वाईट म्हणजे हृदयाचे ठोके बिघडणं. हे क्वचित होतं, पण होतं. त्यावर उतारा आहे आणि तो फार विलक्षण आहे: दुधासारखं पांढरं, 20 टक्के स्निग्ध पदार्थाचं द्रावण, जे मुळात शिरेवाटे पोषण द्यायला बनवलेलं. गाय वाइनबर्ग यांनी 1998 साली उंदरांवर दाखवलं की हे द्रावण बुपिवाकेनच्या विषबाधेपुढे ढाल बनतं, आणि 2006 साली त्यामुळे ब्लॉकनंतर हृदय बंद पडलेला माणूस वाचल्याची पहिली नोंद झाली. ब्लॉक देतात त्या खोलीत ही बाटली हाताशी असायला हवी. विचारायला संकोच करू नका.

बाकी धोके: सुईच्या जागी रक्त साकळणं, जंतुसंसर्ग, आवरण टोचलं तर छातीत हवा भरणं. अर्थात ज्या बाजूला ऑपरेशन आहे तिथे नळी बसणारच असते, म्हणून त्या हवेची भीती इथे जरा कमी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र ते आदल्या रात्री आठवून सांगण्याची गोष्ट नाही, आठवडाभर आधीच भूलतज्ज्ञाच्या कानावर घाला. एपिड्युरल आणि पॅराव्हर्टिब्रल द्यायचा की नाही, हे त्यावर ठरतं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हेही आलंच.

आणि कधी कधी ब्लॉक लागतच नाही. कुणाची चूक नसते. पाणी दुसरीकडे पाझरतं.

काकांचा लागला. ऑपरेशननंतर रिकव्हरीत बर्फाचा तुकडा आधी डाव्या छातीला लावला. "गार." उजवीकडे काखेखाली लावला. "हात लावलाय कळतंय. गार न्हाई लागत." ही साधी परीक्षा. थंडी आणि दुखणं साधारण सारख्याच बारीक धाग्यांतून वर जातं, ते आधी बंद पडतात. जाड धागे स्पर्शाचे, ते बऱ्याचदा थोडे जागे राहतात. संध्याकाळी सहा वाजता बसून, उशी छातीशी दाबून, काका सणसणीत खोकले. दोन गोळे वर.

पण तोंड वाकडं करून म्हणाले, "मॅडम, तिथलं काय नाय वाटत. पण हा खांदा का दुखतोय? खांद्याला तर कुणी हात लावला नव्हता ना?"

हे फार जणांना होतं आणि नातेवाईक घाबरतात. फुप्फुसाखालच्या पडद्याची, म्हणजे श्वासपटलाची, नस बरगड्यांतून येत नाही. ती थेट मानेतून निघते आणि छातीतून खाली जाते. ऑपरेशनात तो पडदा किंवा त्याच्या आसपासचं आवरण चिडलं, नळीचं टोक टेकलं, की तक्रार मानेतल्या त्याच मणक्यांकडे जाते जिथे खांद्याच्या कातडीची तक्रार येते. मेंदू पत्ता चुकतो आणि खांदा दुखतोय असं ठरवतो. आपण अडवलेले ओढे बरगड्यांचे. हा ओढा वेगळ्याच खोऱ्यातला. तो ब्लॉकला दाद देत नाही. पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणाऱ्या गोळीने तो बऱ्यापैकी आटोक्यात येतो. किडनीचा किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास असेल तर ती दुसरी गोळी देत नाहीत, हे आधी सांगायला हवं.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला बसले. एकदाच दिलेला ब्लॉक अर्ध्या दिवसाच्या आसपास टिकतो, कधी कमी, कधी जास्त. सकाळी दहाला दिलेला ब्लॉक उतरायची वेळ येते रात्री, वॉर्डात दिवे मालवलेले असताना. संध्याकाळी पेशंट हसत असतो. सिस्टर गोळी घेऊन येते, तो म्हणतो, "नको, काही दुखत नाही." गोळी तशीच राहते. आणि रात्री दोनला सगळे ओढे एकदम वाहू लागतात. तेव्हा घेतलेल्या गोळीला लागू पडायला तास जातो, आणि तो तास माणूस विसरत नाही. मग गावभर सांगतो की इंजेक्शनाचा उपयोग शून्य. तेव्हा दुखो न दुखो, पॅरासिटामॉल घड्याळाप्रमाणे सहा-सहा तासांनी घ्यायचं. ब्लॉकच्या भरवशावर गोळी चुकवायची नाही.

ब्लॉक लांबवायचे मार्गही आहेत. ब्लॉकच्या जागी बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवता येतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं तर काही तासांची भर पडते. अमेरिकेत 2011 साली स्निग्ध कणांत गुंडाळलेलं, हळूहळू सुटणारं बुपिवाकेन आलं. तीन दिवस पुरेल असा गाजावाजा झाला, पण साध्या बुपिवाकेनशी जोड लावल्यावर त्याचं पारडं पुरावे पाहता फारसं जड ठरत नाही. याहून टोकाचा उपाय म्हणजे नस गोठवणं. छातीचं हाड आत खचलेल्या मुलांच्या छातीत दुर्बिणीच्या मदतीने धातूची वाकवलेली पट्टी बसवतात. त्याला नस ऑपरेशन म्हणतात, पण तो नस आपल्या नसेतला नव्हे. डोनाल्ड नस या अमेरिकेतल्या सर्जनचं ते आडनाव. त्यात छातीवर इतका ताण येतो की दुखणं काही तासांचं नसतं, आठवड्यांचं असतं. म्हणून बरगडीखालच्या नसा शून्याखाली साठेक अंशांपर्यंत गोठवतात. आतला धागा मरतो, वेष्टन शाबूत राहतं, आणि धागा दिवसाला एक-दोन मिलिमीटर या चालीने पुन्हा वाढतो. तोवर छातीची कातडी काही महिने बधिर राहते. काकांसारख्यांना याची गरज नव्हती.

काही जणांचं दुखणं तीन महिने उलटले तरी जात नाही. जखमेच्या पट्ट्यात जळजळ, शर्ट घासला तरी सहन न होणं, किंवा नुसता बधिरपणा. हा चेंगरलेल्या नसेचा त्रास, त्याची औषधं वेगळी असतात आणि ती नेहमीच्या वेदनाशामकांच्या यादीत नसतात. ब्लॉक दिल्याने हे टळतंच, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. म्हणून तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर 'ऑपरेशन झालंय, दुखणारच' म्हणून घरी बसू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले तेव्हा काका खुर्चीत बसले होते, चहा समोर, नळीची बाटली पायाशी.

"रात्री अडीचला बांध फुटला बघा," म्हणाले. "पण सिस्टरनं बाराला उठवून गोळी दिलेली. मी नको म्हणत होतो."

"आता किती दुखतंय?"

त्यांनी आकडा सांगितला नाही. उशी उचलली, छातीशी धरली, एकदा खोकले, थांबले, डोळे मिटून पुन्हा खोकले आणि कागदाच्या पेल्यात थुंकले. मग बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, "हे कधी काढणार?"